परशुरामभूमीचा जुना सातबारा: कुड्यापासून खारेपाटणापर्यंत

परशुरामाने बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं. ही गोष्ट कोकणात सगळ्यांना पाठ असते. पण महाभारताच्या शांतिपर्वात ती जशी येते, तिच्यात बाणापेक्षा एक व्यवहार महत्त्वाचा आहे. एकवीस वेळा जिंकलेली पृथ्वी परशुरामाने यज्ञात कश्यपाला दान केली. कश्यपाने दान घेतलं आणि सांगितलं की आता ही भूमी माझी, तू दक्षिण समुद्राच्या तीरावर जा, माझ्या मुलखात राहू नकोस. दान दिलेल्या जमिनीवर दात्याचा पाय ठेवण्याचा हक्कही उरत नाही. मग समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण केला. दानाच्या वेळी ही जमीन अस्तित्वातच नव्हती, म्हणून ती दानात गेली नव्हती.

जमीन कोणाची आणि ती कशी मिळाली, हे सांगणारी ही गोष्ट आहे. कोकणच्या जुन्या इतिहासातले बाकीचे पुरावेही, म्हणजे लेण्यांतले लेख, ताम्रपट, देवळांच्या कथा, याच प्रश्नाची उत्तरं देतात. ते एका ओळीत पाहता यावेत म्हणून रायगडातून दक्षिणेला उतरत जाणारा हा मार्ग ठरवला. महिना माघाचा. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या सपाट माळावरचं, गवत वाळलेलं असतं, पहाटे दंव पडतं, आणि बागायतदार मोहोराकडे बघत मळभ येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेले असतात.

पहिला दिवस: खारेपाट आणि कुडा

समुद्रातून जमीन काढणं म्हणजे नक्की काय, हे समजायला आधी खारेपाट पाहावा. खाडीकाठच्या चिखलात मातीचा बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात लावायचं, हे काम इथे पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. असे बांध घालून राखणाऱ्यांना पूर्वी शिलोत्रीच्या हक्काने जमिनी मिळत. म्हणजे समुद्र हटवणाऱ्याला मालकी, हा नियम पुराणापुरता नव्हता.

बांधाचा जीव उघाडीत असतो. बांधाच्या तळाशी एक झडप असते, ती फक्त खाडीच्या बाजूला उघडते. भरती चढली की बाहेरचं पाणी झडपेला दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ढकलून ती उघडतं. माणसाने हात न लावता दिवसातून दोनदा हे होतं. झडपेत काटकी किंवा प्लास्टिक अडकलं तर ती अर्धवट उघडी राहते आणि एका भरतीत खारं पाणी शेतात पसरतं.

दुसरा शत्रू खेकडा. त्याच्या बिळातून आधी बोटभर धार लागते, ती माती घेऊन वाहते, बीळ रुंदावतं आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच खांड पडते. म्हणून राखणदार बांधाच्या आतल्या बाजूने फिरतो आणि ओली माती शोधतो. गढूळ पाणी झिरपत असेल तर माती वाहतेय, तातडीने चिखल ठोकायचा. नितळ पाणी असेल तर थोडी सवड आहे. एकदा खारं पाणी शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे क्षार धुऊन जाईपर्यंत पीक धड येत नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल-१, २, ३ हे भाताचे वाण अशाच जमिनींसाठी आहेत.

तिथून तळा तालुक्यातली कुडा लेणी. राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाकडे, मांदाडजवळच्या डोंगरात २६ लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात मांदागोरा नावाचं बंदर येतं, ते अनेक अभ्यासक मांदाडशी जोडतात. लेण्यांतले ब्राह्मी लेख वाचले की इथल्या सत्तेची आणि पैशाची कल्पना येते. मांदव घराण्यातले महाभोज इथले सत्ताधारी. त्यांच्या पदरचा लेखनिक दान देतो. शिवाय दात्यांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. घाटावरचा व्यापारी खाडीकाठी लेणं कोरून घेतो म्हणजे घाटवाट आणि बंदर तेव्हा एकाच व्यापाराचे दोन भाग होते. त्या काळच्या कोकणाचा हा सर्वांत बोलका दस्तऐवज आहे, आणि त्यात परशुरामाचं नाव कुठेही नाही.

सहाव्या क्रमांकाच्या लेण्याला घाई करू नका. दर्शनी भागात हत्ती आहेत, आणि आत नंतरच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. मूळ लेणं साधं होतं, मूर्ती काही शतकांनी आल्या. लेख व्हरांड्याच्या भिंतींवर आहेत. समोरून उजेड मारला तर अक्षरं सपाट दिसतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरली की प्रत्येक रेघेला सावली पडते. दोघं असतील तर एकाने टॉर्च धरावी, दुसऱ्याने वाचावं.

रात्री पोपटी. माघात वालाच्या शेंगा भरात असतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीच्या पाल्याचा जाड थर, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे किंवा मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. पाणी थेंबभरही घालायचं नाही, पाल्याची वाफ पुरते. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे, चर्रकन उडाले की झालं. पाला कमी पडला तर तळाच्या शेंगा करपतात, ही नवख्यांची नेहमीची चूक.

दुसरा दिवस: पन्हाळेकाजी

दापोलीहून वाकवलीमार्गे पन्हाळेकाजीला जाताना रस्ता सतत उतरत जातो आणि शेवटी कोटजाई नदीच्या काठाशी पोचतो. इथे एकूण २९ लेणी आहेत. खडक एक, नदी एक, पण हजार वर्षांत त्यांचे मानकरी बदलत गेले. सुरुवात हीनयान बौद्धांची, तिसऱ्या शतकाच्या सुमाराची. मग वज्रयान, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथ, आला. अक्षोभ्य आणि महाचंडरोषण या त्या पंथाच्या देवतांच्या मूर्ती त्याच काळातल्या, आणि महाराष्ट्रात वज्रयानाच्या अशा खुणा फार थोड्या ठिकाणी आहेत. त्यानंतर शैव आणि गाणपत्य, आणि शेवटी नाथपंथ. चौदावं लेणं आणि मुख्य ओळीपासून वेगळं असलेलं एकोणतिसावं, म्हणजे गौर लेणं, नाथांचं आहे. गौर लेण्यातले नाथ-सिद्ध पाहिल्याशिवाय परत फिरू नये. बहुतेक जण मुख्य ओळ पाहून निघून जातात. वाट गावात विचारून घ्यावी.

या लेण्यांचा सविस्तर अभ्यास म. न. देशपांडे यांनी १९७०च्या दशकात केला. त्यामागे इथे सापडलेला एक ताम्रपट होता. सन ११३९, उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्यातल्या अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य याने दिलेला. त्यात प्रणालक हे राजधानीचं नाव आहे, तेच हे पन्हाळे. आज भाताची खाचरं आणि काजूच्या बागा असलेल्या या दरीतून एके काळी राज्यकारभार चालत होता, हे कळायला तांब्याचा एक पत्रा पुरला.

लेणी नदीला लागून असल्याने पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर शेवाळ असतं, माघात ते वाळलेलं असतं. आत वटवाघळं असतात, आवाज करू नये. जेवणाची सोय सकाळी जातानाच वाटेतल्या घरी सांगून ठेवली की परतताना तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा मिळतो. कुळथाची पिठी पातळच हवी आणि वर कोकमाचं आगळ चमचाभर.

तिसरा दिवस: परशुराम

चिपळूणच्या उत्तरेला, वाशिष्ठीच्या खोऱ्यावर घाटाच्या अंगाला पेढे-परशुराम. गाभाऱ्यात तीन मूर्ती आहेत: मध्ये परशुराम, बाजूंना काळ आणि काम. आवारात रेणुकेचं देऊळ आणि बाणगंगा. परशुरामाच्या बाणाने पाणी निघालं अशी तिची कथा. इथे बाण समुद्रावर न सुटता जमिनीत शिरतो आणि गोडं पाणी देतो. खाऱ्या खाडीच्या माथ्यावर राहणाऱ्यांना समुद्र हटण्याइतकंच गोड्या पाण्याचं मोल असतं, हे त्या झऱ्यापाशी उभं राहिलं की पटतं.

बाणाची कथा किती जुनी? कालिदासाच्या रघुवंशात चौथ्या सर्गात रघूची सेना सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरते, तेव्हा कवी म्हणतो की रामाच्या, म्हणजे परशुरामाच्या, अस्त्राने हटवलेला समुद्र जणू पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडला. म्हणजे तोवर ही कथा नुसत्या उल्लेखाने वाचकाला कळावी इतकी रूढ झाली होती. त्याही आधीचा धागा नाशिकच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपल्या लेखात शूर्पारकातल्या रामतीर्थाचा उल्लेख करतो आणि नानंगोल गावी ३२,००० नारळाची झाडं दान दिल्याचं नोंदवतो. शूर्पारक म्हणजे नालासोपारा. समुद्राने दिलेल्या भूमीच्या नोंदींत इतक्या लवकर नारळाच्या बागा याव्यात, याहून कोकणी काय असणार.

परशुरामकथा सांगणारा सह्याद्रिखंड हा ग्रंथ स्वतःला स्कंदपुराणाचा भाग म्हणवतो. त्याची छापील आवृत्ती जर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये मुंबईत काढली. कोकणातल्या अनेक जाती, क्षेत्रं आणि गावं यांची उत्पत्ती त्यात आहे आणि काही मजकूर उघड उघड भांडणाच्या बाजू घेणारा आहे. ते वाचताना कोणाचा हक्क सिद्ध केला जातोय आणि कोणाचा नाकारला जातोय, हे प्रत्येक अध्यायाला विचारावं. प्राचीन कोकणाचा इतिहास म्हणून ते सरळ उचलणं धोक्याचं आहे. आजही ही चूक सर्रास होते आणि तिच्यातून माणसांची मनं दुखावतात.

आजचं देऊळ मात्र अठराव्या शतकाच्या धामधुमीतलं आहे. फेब्रुवारी १७२७ मध्ये महाशिवरात्रीच्या सुमारास अंजनवेलच्या सिद्दी सात या सरदाराने देऊळ लुटलं. इथे राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी त्यानंतर घाटावर साताऱ्याजवळ धावडशीला गेले. त्यांचा शब्द छत्रपती शाहू आणि पेशवे या दोघांकडे चालत होता, आणि देवस्थान पुन्हा उभं राहिलं ते त्या वजनावर. अक्षय्य तृतीयेला परशुराम जयंतीची गर्दी असते. शांतपणे पाहायचं तर इतर दिवशी सकाळी आठच्या आत जावं. देवळावरून वाशिष्ठी पाहावी: मधली बेटं, कांदळ आणि ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे. डोंगरातून आलेला गाळ भरतीच्या पाण्यापाशी थांबतो आणि साचतो, आणि खाडीत नवी जमीन अशी दर पावसाळ्यात वाढते. काठावर मगरी असतात, पाण्यात उतरायचं नाही.

चौथा दिवस: उक्षी

इथून खडक बदलतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात जांभ्याचे, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाचे, सपाट सडे लागतात आणि त्यांच्या पाठीवर कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली जुनी चित्रं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून ती शोधली, नोंदवली. २०२२ मध्ये कोकणातली नऊ स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

उक्षीचा हत्ती पहिल्यांदा पाहणं सोयीचं, कारण गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन त्याच्याभोवती चिऱ्यांचा गडगा घातला आहे. तिथे डोळा तयार होतो. जुनी रेघ कशी ओळखायची? तिच्या कडा बोथट असतात आणि तळाचा रंग भोवतीच्या कातळासारखाच काळपट असतो. कडा धारदार आणि आत तांबूस दगड दिसला तर ती अलीकडची. जांभा खोदताना मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो, पण कातळाचा वरचा थर आधीच कडक झालेला असतो. म्हणजे कोरणाऱ्यांनी सर्वांत टणक भागावर काम केलं आहे.

सड्यावर सकाळी साडेनऊपर्यंत किंवा दुपारी चारनंतर जावं. उन्हं तिरपी असली तरच रेघा उठतात. भर दुपारी पायाखाली हत्ती असूनही दिसत नाही, शिवाय सावलीला झाड नसतं. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि चपला काढून चालायची तयारी हवी. फोटो उठावदार यावा म्हणून खडू, चुना किंवा रांगोळी रेघांत भरू नये. चुना जांभ्याच्या छिद्रांत बसतो आणि निघत नाही. माती साचली असेल तर गावकऱ्यांना विचारून हलक्या हाताने केरसुणी फिरवावी. फावडं, तारेचा ब्रश कधीच नाही. नवे रस्ते, चिरेखाणी आणि वणवे ही या चित्रांवरची खरी संकटं आहेत.

पाचवा दिवस: कशेळी आणि देवीहसोळ

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. बाहेरच्या रेघेवरून, रेघेच्या बाहेर पाय ठेवत, पूर्ण फेरी मारावी आणि मगच आत पाहावं. पोटात सत्तरहून अधिक प्राण्यांची लहान चित्रं आहेत. एवढा आकार शिडी किंवा मचाण नसताना प्रमाणात कसा आखला असेल, हा प्रश्न तिथे प्रत्येकाला पडतो. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडाही आहे. गेंडा आज इथे नाही, म्हणजे कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा प्रदेश वेगळा होता. कोरलेल्या दगडाचं थेट कार्बन वयमापन होत नाही, म्हणून काळ मध्याश्मयुगापासून पुढे असा ढोबळच धरला जातो.

इथे कथा आणि भूगोल समोरासमोर येतात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कडाक्यात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा पश्चिमेला कितीतरी दूर होता. मग बर्फ वितळलं आणि हजारो वर्षं समुद्र आत येत राहिला. म्हणजे जुन्या माणसांनी इथे समुद्र येताना पाहिला, हटताना नव्हे. परशुरामकथेला भूगर्भशास्त्राचा पुरावा म्हणून हे आकडे जोडले जातात तेव्हा ते नेमके उलट दिशेने बोलतात. कथेचं मूळ बांध घालणाऱ्या आणि दानपत्रं लिहिणाऱ्या समाजात शोधणं मला जास्त खरं वाटतं.

कनकादित्याचं देऊळ जवळच. प्रभासपाटणहून सूर्यमूर्ती घेऊन निघालेलं गलबत कशेळीसमोर अडून बसलं. व्यापाऱ्याने एक मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली तेव्हा ते हललं. पुढे कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत झाला आणि तिने गावकऱ्यांच्या मदतीने मूर्ती वर आणून स्थापली. देवाच्या नावात आधी तिचं नाव येतं आणि गाव ते अभिमानाने सांगतं. देवळाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१चा ताम्रपट आहे, कशेळीत बारा ब्राह्मणांच्या रोजच्या भोजनासाठी दिलेल्या दानाचा. उत्सव रथसप्तमीपासून. त्या दिवसांत जायचं तर राहण्याची सोय आधी बोलून ठेवावी. इतर दिवशी दुपारी ओल्या काजूगराची उसळ आणि घावणे मिळाले तर पुढचा बेत तासभर ढकलावा. काजूगर माघाच्या शेवटी नुकते येऊ लागतात, म्हणून थोडेच आणि महाग असतात.

संध्याकाळी देवीहसोळ. आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळावर मोठा चौकोन आणि त्यात दाट, गुंतागुंतीची नक्षी. गावच्या देवीच्या उत्सवात या जागेला आजही मान आहे. कोरणारे कोण होते हे कोणाला आठवत नाही, तरी जागा देवीच्या मांडावर आली आणि म्हणूनच टिकली.

सहावा दिवस: बारसू, देवाचे गोठणे, खारेपाटण

बारसूच्या सड्यावर मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ. दोन वाघ धरलेल्या माणसाची मोहेंजोदडोची मुद्रा अनेकांना इथे आठवते. साम्य आहे, संबंध सिद्ध नाही.

देवाचे गोठणे या गावात भार्गवरामाचं, म्हणजे परशुरामाचंच देऊळ आहे आणि वर सड्यावर मानवाकृती कोरलेली आहे. त्या आकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. पाहायचं तर साधं सुईचं होकायंत्र न्यावं. मोबाइलच्या कव्हरला चुंबक असू शकतो, त्यामुळे त्याचं दाखवणं धरू नये. आधी दहा-पंधरा पावलं दूर उत्तर पाहून घ्यावी, मग आकृतीजवळ जमिनीलगत धरून हळूहळू सरकवावं. कमरेतल्या किल्ल्या आणि हातातलं कडं आधी काढून ठेवावं. जांभ्यात लोहखनिजं भरपूर असतात आणि वीज पडलेल्या खडकात चुंबकत्व टिकू शकतं, हे एक शक्य कारण. कोरणाऱ्यांना ते कळलं होतं असं मानायला आधार नाही.

शेवटचा मुक्काम खारेपाटण, दक्षिण कोकणच्या शिलाहारांच्या मुलखातलं जुनं बंदर. इथे सापडलेला रट्टराजाचा ताम्रपट सन १००८चा. त्यात घराण्याचा मूळपुरुष जीमूतवाहन, गरुडापासून नागाला वाचवायला स्वतःचा देह देणारा विद्याधर. आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा मुलूख घराण्याचा पहिला राजा सणफुल्ल याला राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने मिळाला, असं स्पष्ट लिहिलेलं. कुळ दैवी, पण जमीन सम्राटाकडून, दोन्ही एकाच पत्र्यावर. पुढे देवळाच्या खर्चाची तरतूद येते: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण (जुनं नाणं) सोनं, शिवाय तेली, माळी, कुंभार, परीट अशी सेवेकऱ्यांची कुटुंबं. आज खाडीत गाळ इतका भरलाय की तसं गलबत इथवर येणार नाही. गावात जैन मंदिर आणि किल्ल्याच्या खुणा आहेत, तासाभरात पाहून होतात. बाजारातल्या खाणावळीत दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मिळालं, सोलकढीसकट.

सगळा मार्ग जमणार नसेल तर दोन दिवसांत कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि खारेपाटण होतं, कारण ही सगळी राजापूरच्या आसपास आहेत. मुक्काम राजापुरात ठेवावा, पहिली सकाळ कशेळीला द्यावी. खारेपाटण महामार्गावरच असल्याने परतीच्या वाटेवर घेता येतं.